त्या नावाची माहिती देता येत नाही

तीन नंबरची खिडकी माझी.
काचेखाली एक फट आहे,
तिच्यातून कागद जातात, आणि हिवाळ्यात थोडा वारा.
अठरा वर्षं मी या फटीशी बोलते आहे.

तो आला तेव्हा दुपारचे चार,
म्हणजे मिशिगनच्या या टोकाला डिसेंबरात जवळजवळ रात्रच.
टोपीवर बर्फ, काखेत बुटांचा खोका.
म्हणाला, रेइनो केटोला. कौंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो.
मुलगी आयली, इथेच, दुसऱ्या वर्षाला.
फोन उचलत नाही हो.
मार्क नका सांगू. वर्गात येते का, एवढंच.

नाव टाइप केलं. वर लाल पट्टी आली.
सप्टेंबरात तिने या फटीतून सही केलेला कागद आत सरकवला होता,
शिक्का मीच मारला,
आणि नियमाप्रमाणे विचारलं, नीट वाचलंस ना?
ती म्हणाली, दोनदा.

लाल पट्टी म्हणजे
मार्क नाहीत, हजेरी नाही, खोलीचा नंबर नाही,
ती इथे आहे, हेसुद्धा नाही.
वाक्य ठरलेलं आहे, टेबलाला चिकटवलेलं,
त्यातला काना-मात्रा हलवायचा नाही:
त्या नावाच्या व्यक्तीबद्दल आमच्याकडे देण्यासारखी माहिती नाही.

त्याला ते दोनदा ऐकवावं लागलं.
मग त्याने पाकिटातून फीची पावती काढली,
आमच्याच कॉलेजची, घडीवर फाटलेली,
आणि फटीतून आत सारली.
"मग बाई, हे पैसे मी कुणाचे भरले?"

कायदा मला पाठ आहे.
कॉलेजात पाऊल पडलं की नोंदी मुलांच्या.
मुलगी टॅक्सच्या कागदावर असेल
तर कॉलेज सांगू शकतं. शकतं. सांगायलाच हवं असं नाही.
त्यासाठी डीनकडे अर्ज, आणि डीन सोमवारी.
त्या दिवशी गुरुवार होता.

मी एकोणीसची असताना
आईने माझं कॉलेजचं पत्र किटलीच्या वाफेवर उघडलं
आणि थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर, मामांसमोर वाचलं:
रसायनशास्त्र नापास.
खाली समुपदेशकाची एक ओळ होती. तीही वाचली.
तेव्हापासून आईला मी काहीच सांगितलं नाही,
चांगलंसुद्धा.

लाल पट्टीखाली आणखी चार ओळी होत्या.
त्यात काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही.
तुम्हीही काचेच्या त्याच बाजूला उभे आहात.
रागावू नका. गोष्ट पोटात ठेवण्याचाच मला पगार मिळतो,
आणि पोट कधी कधी दुखतं, त्याचा मिळत नाही.

"बरं, हे बूट तरी ठेवून घ्या."
ठेवून घेणं म्हणजे ती आहे म्हणणं.
मी म्हटलं, जिन्याखाली हरवलेल्या वस्तूंची पेटी आहे,
तिथे कुणीही काहीही ठेवतं.
तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.
मग खोका उघडून
दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या,
चुकामूक होऊ नये म्हणून,
आणि पावती न घेताच गेला.

नावं अर्थातच बदलली आहेत.
ट्रक कदाचित नव्हता, वार वेगळा असेल.
बूट मात्र होते. आतून लोकरीचे. सात नंबर.

अठरा वर्षांत हाताखालून गेलेल्या एकाही फायलीत
पायाचं माप मी पाहिलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी निघताना पेटीत डोकावले.
एक छत्री, एक हातमोजा, कुणाचा तरी कॅल्क्युलेटर.
मी कुणाला काही विचारलं नाही.